गोदामाजवळचं वळण

३ फेब्रुवारी

ताई,

तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस, आणि तुझं ते 'हं' ऐकलं की मला नको ते सगळं सांगून टाकावंसं वाटतं. त्यापेक्षा आपलं पत्र बरं. अकरा वर्षं चाललंय तसं चालू दे.

नात झाली ते तुला कळलंच असेल. तीन किलोची आहे आणि नाक तुझ्यावर गेलंय. ही लेकीकडेच आहे, एप्रिलशिवाय परत येत नाही. दुकान बरं चाललंय. हल्ली लोक घड्याळ दुरुस्तीला कमी आणि पट्टा बदलायला जास्त येतात, पण पट्टा बदलतानासुद्धा मी डोळ्याला भिंग लावतो. गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

एक किरकोळ गोष्ट. परवा बाथरूममध्ये पाय घसरून पडलो. दोन्ही गुडघे, दोन्ही तळहात आणि हनुवटी, एवढंच. डाव्या कोपराचंही थोडं गेलं. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे. हिला कळवू नकोस, उगीच जिवाला घोर.

तुझा भाऊ

ता. क. कातडीला लागलेलं डांबर कशाने निघतं? सहज विचारतोय.


९ फेब्रुवारी

शहाण्या,

तेवीस वर्षं मी हाडांच्या विभागात प्लास्टर घालतेय. बाथरूममध्ये पडणारा माणूस कमरेवर पडतो, नाहीतर मनगटावर. गुडघे, तळहात आणि हनुवटी एकदम सोलून घ्यायची असेल तर बाथरूम निदान तीस फूट लांब हवं आणि माणसाने पलीकडून पळत यायला हवं. तुझं बाथरूम मी पाहिलंय. साबण उचलायला वाकलं की डोकं दाराबाहेर जातं.

आणि तिथे डांबर कुठून आलं?

तेल चोळ, पाच मिनिटांनी कापसाने पुसून काढ. खरवडू नकोस. मग शांतपणे बसून मला तीन गोष्टी लिही: गाडी कुठली घेतलीस, कधी घेतलीस आणि कुणाच्या नादाने. नात झाल्यावर माणसं पाळणा घेतात रे.

तुझ्या बायकोला मी अजून काही कळवलेलं नाही. 'अजून' हा शब्द पुन्हा एकदा वाच.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझ्यापुढे काही लपत नाही. ऐक तर.

नोव्हेंबरात आमच्याकडचे दंतवैद्य एक स्टॉपवॉच दुरुस्तीला घेऊन आले. मी सहज विचारलं, दाढ काढायला किती वेळ लागतो ते मोजता की काय? तर म्हणाले, दर रविवारी आम्ही चौघं मोटरसायकलींची शर्यत लावतो. बाजारातल्या मनोऱ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, सात किलोमीटर. मंडळाचं नाव 'वाऱ्याचे वारसदार'. दंतवैद्य, फरशीवाला, बँकेतला कॅशियर आणि व्यायामशाळेचा पैलवान. चौघांचंही वेळेवरून भांडण व्हायचं, म्हणून त्यांना एक निःपक्षपाती माणूस हवा होता. घड्याळवाल्यापेक्षा निःपक्षपाती कोण असणार?

तीन रविवार मी नुसता टाकीपाशी उभा राहून वेळ घेतली. चौथ्या रविवारी फरशीवाला म्हणाला, "दुसऱ्यांचे सेकंद किती दिवस मोजणार?" ताई, पन्नाशीच्या माणसाला असं कुणी विचारू नये.

गाडी जुनीच आहे, पण लाल. मंडळात मला 'सेकंदकाटा' म्हणतात. आयुष्यभर मला लोक 'अहो घड्याळवाले' म्हणत आले. पैलवानाचा विक्रम सहा मिनिटं नऊ सेकंदांचा आहे, माझी सहा मिनिटं एकतीस. बाजारातून जाताना लोक दोन्ही बाजूंना सरकतात, बायका मुलांना मागे ओढतात, आणि मला असं वाटतं की मी कुणीतरी आहे.

पडलो तो गोदामाजवळच्या वळणावर. तिथे रस्ता काटकोनात वळतो आणि मी वळलो नाही. दोष गाडीचा नाही. रस्त्याचाही थोडाच आहे.

हेल्मेट घेतलंय. दुकानात खुंटीला आहे. ते घातलं की कानाशी वारा ऐकू येत नाही, आणि वारसदारांनी वाराच ऐकायचा नाही तर मग काय उरलं?

तुझा भाऊ


१९ फेब्रुवारी

शहाण्या,

पडलो तरी नाक वर, असं आपले आजोबा तुझ्याबद्दल म्हणायचे तेव्हा तू चार वर्षांचा होतास. मला वाटलं होतं, वयाबरोबर जाईल.

बायका मुलांना मागे ओढतात ते तू कुणीतरी आहेस म्हणून नाही. कुत्रं पिसाळलं तरी त्या असंच करतात.

आमच्याकडे रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला मी प्लास्टर घालताना एकच विचारते: किती मिनिटं वाचली? दुखत असतं, तरी माणूस विचारात पडतो. आजवर एकालाही उत्तर देता आलेलं नाही. तू तर मोजून सांगू शकशील. सात किलोमीटरला नीट चालवून दहा मिनिटं लागतात. म्हणजे साडेतीन मिनिटं वाचतात. त्या साडेतीन मिनिटांचं तू करतोस काय? मला माहितेय. टाकीपाशी उभा राहून बाकीच्यांची वाट बघतोस.

परवा एक वायरमन आला. सव्वीस वर्षांचा. पुढच्या ट्रकला डावीकडून ओलांडत होता. त्याचा बूट मला कात्रीने कापून काढावा लागला. नवाकोरा बूट होता, तळव्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. पाय राहील की जाईल हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. त्याची आई बाहेर बाकावर बसून बुटाचे तुकडे पिशवीत गोळा करत होती. का, ते मी विचारलं नाही.

तुझे हात घड्याळांना केसाएवढ्या स्प्रिंगा लावतात. मनगट एकदा वाकडं जुळलं की घड्याळवाला संपला. आणि हे झालं तुझं तुझ्यापुरतं. रस्त्यात दुसरं कुणी असतं.

गाडी विक. हे पत्र मिळाल्यावर ताबडतोब लिही.

ताई


१३ मार्च

शहाण्या,

तीन आठवडे झाले. फोन उचलत नाहीस, पत्र लिहीत नाहीस. दुकानाशेजारच्या शिंप्याला फोन केला तर तो म्हणाला, "ते हल्ली दुकान उशिरा उघडतात, सकाळी कुठेतरी पायी जातात." तू आणि पायी? आपल्या आईने पाठवलं तरी कोपऱ्यावरच्या दुकानात तू सायकलवरून जायचास.

पडलायस का? प्लास्टर आहे का? कुठल्या हाताला? कुणी घातलं? कोपराच्या वरपर्यंत घातलंय की खाली? बोटं सुजलीत का?

दोन शब्द लिही. डाव्या हाताने लिही. मला वाचता येतं.

ताई


१८ मार्च

आदरणीय ताई यांस,

मी आपल्या भावाच्या भागातला पोस्टमन. आपली ओळख नाही, पण अकरा वर्षं आपलं अक्षर पाकिटावर पाहत आलो आहे. आपण घाईत असलात की पिनकोडातला शेवटचा आकडा खाली घसरतो. १३ तारखेच्या पत्रात तो पार चिकटपट्टीखाली गेला होता, म्हणून हे लिहिण्याचं धाडस करतो.

दुसऱ्याच्या पत्रात काय आहे हे पाहणं आमच्या नोकरीत बसत नाही. परंतु पत्र मिळूनही कुणी ते न फोडता खिशात घालत असेल, तर ते मला पाहवत नाही. आपलं शेवटचं पत्र आपल्या भावाने दोन दिवस खिशात ठेवलं आहे. म्हणतात, "ताईला काय उत्तर देऊ?"

घडलं ते असं. २३ फेब्रुवारीला सोमवारी सकाळी साडेनऊला मी सायकलवरून गोदामाच्या वळणावर आलो. आपले भाऊ त्याच वेळी समोरून आले. ते विक्रमाचा सराव करत होते, असं मला नंतर कळलं. वेग मी सांगू शकत नाही. मला आवाज ऐकू आला, आणि मग मी नाल्यात होतो व सायकल माझ्या अंगावर होती. डावीकडचं, गळ्याजवळचं हाड मोडलं. एकूण टपाल एकशे चौतीस, पैकी नऊ नग भिजले. ते पोस्टात दोरीवर वाळत घालून त्याच दिवशी वाटले. त्यात आपलं १९ तारखेचं पत्र होतं. तेव्हा ते आपल्या भावाला मिळालं, पण असं.

आपल्या भावाला खरचटलं आहे. हात शाबूत आहेत. त्यांनीच मला नाल्यातून काढलं, दवाखान्यात नेलं, आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःविरुद्ध तक्रार लिहवून आले. ठाण्यातल्या हवालदाराला हा प्रकार नवा होता. त्याने दोनदा विचारलं, "फिर्यादी कोण आणि आरोपी कोण?" परवाना तीन महिने जमा आहे.

मला सप्टेंबरात निवृत्ती आहे. एकोणचाळीस वर्षांत आजारपणाची रजा घेतलेली नाही, म्हणून याही वेळी घ्यायची नाही असं ठरवलं. (माझी पत्नी याला हट्ट म्हणते. नोंद असावी.) पण हात गळ्यातल्या झोळीत, पिशवी उचलणार कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी आपले भाऊ दारात उभे. "पिशवी द्या," म्हणाले. तेव्हापासून रोज येतात. पहिल्या दिवशी त्यांनी तीन पत्रं उलटी टाकली. आता बरं जमतं.

बाकीचे चौघे अजूनही दर रविवारी जातात. मी रविवारी घराबाहेर पडत नाही.

हे पत्र मीच टपालात टाकतो आहे. पिशवी आपले भाऊ उचलतील. त्यांना पत्ता दिसू नये म्हणून पाकीट इतर पाकिटांत मधोमध ठेवलं आहे. निवृत्तीला आलेल्या माणसाची एवढी लबाडी माफ असावी.

आपला,
पोस्टमन


२१ मार्च

शहाण्या,

सगळं कळलं. कुणी कळवलं ते विचारू नकोस. पुढच्या शनिवारी, २८ला, संध्याकाळच्या बसने येतेय, रविवारी रात्री परत. त्या चौघांना रविवारी सकाळी सातला नेहमीच्या चहाच्या दुकानात थांबायला सांग. माझ्यासोबत एक मोठी पिशवी आहे, बसवरून उतरवून घ्यायला ये. चालत ये.

ताई


९ एप्रिल

ताई,

तू बसमध्ये चढलीस तेव्हा ते चौघं हसत होते ना? ते हसू कुठपर्यंत टिकलं ते सांगतो.

चहाच्या दुकानात तू बादलीत पट्ट्या भिजवत म्हणालीस, "तुम्ही एवढे शूर आहात तर उजवा हात आठ दिवस प्लास्टरमध्ये ठेवून दाखवा. आठ दिवस टिकलात तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही," तेव्हा मला वाटलं, कोण ऐकणार? पण पैलवानाने बाही वर केली आणि "त्यात काय?" म्हणाला. मग बाकीच्यांना बाही खाली ठेवता येईना. तू दंडापासून बोटांपर्यंत चौघांचे हात पांढरे करत होतीस आणि चहावाला रिकामे कप तसेच हातात धरून उभा होता. मी हात पुढे केला तर म्हणालीस, "तुला नको, तुला पिशवी उचलायचीय." मला सगळ्यांत जास्त तेच लागलं.

पहिली अडचण तिथल्या तिथेच आली. चौघंही गाड्यांवरून आले होते, आणि मोटरसायकलचा वेग उजव्या मुठीत असतो. वाऱ्याचे वारसदार पायी घरी गेले. चार गाड्या दुकानासमोर आठवडाभर उभ्या होत्या. चहावाल्याने त्यांवर टॉवेल वाळत घातले.

दंतवैद्य त्याच संध्याकाळी हरले. कारण विचारलं तर म्हणाले, वैयक्तिक आहे. त्यांच्या कंपाउंडरकडून कळलं की प्रश्न विजारीच्या बटणाचा होता. आणि निकडीचा होता. त्यांनी डाव्या हाताने दाताचा ड्रिल चालवून प्लास्टर कोरायला घेतलं. दोन तासांत बोटभर रेघ पडली, आणि बाहेर बसलेले दोन पेशंट आवाज ऐकून दाढ न दाखवताच निघून गेले.

फरशीवाल्याने फरशी कापायचं यंत्र काढलं. सुरू केलं, आवाज ऐकला, बंद केलं, आणि मंगळवारी मुकाट्याने सरकारी दवाखान्यात जाऊन कापून आला. कॅशियरची सही जुळेना. बँकेत एकवीस वर्षं लोकांच्या सह्या नाकारणारा माणूस, त्याची स्वतःचीच सही नाकारली गेली. त्याचं प्लास्टर बुधवारी उतरलं. उतरल्यावर तो गोदामाजवळून चालत घरी जाताना मला दिसला. म्हणाला, "पोस्टमनसाहेबांना हे सहा आठवडे?" मी म्हणालो, "हो. आणि त्यांनी पैज लावली नव्हती."

पैलवानाने मात्र आठ दिवस काढले. एका हाताने जेवला, एका हाताने वजनं उचलली, पाठ खाजवायला व्यायामशाळेतल्या दोरीला घासायचा. नवव्या दिवशी प्लास्टर उतरवून, गाडी काढून एकटाच टाकीपर्यंत गेला आणि परत येऊन मला विचारलं, "किती लागले?" मी म्हणालो, बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा विचारलं. दंतवैद्य, फरशीवाला, कॅशियर, सगळे चहा पीत होते, कुणीच बघितलं नव्हतं. कालपासून गेलेला नाही. आज दुकानासमोर येऊन बराच वेळ उभा होता. मग घड्याळाचा पट्टा बदलून घेतला. पट्टा चांगला होता.

तेव्हा तुझी पैज तू तीन हातांनी जिंकलीस आणि एका हाताने हरलीस.

हिला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती १९ तारखेला, रविवारी येतेय.

तुझा भाऊ


१३ एप्रिल

शहाण्या,

हरले तर हरले. तोंड उघडणार नाही म्हणाले होते, लिहिणार नाही म्हणाले नव्हते. प्लास्टरच्या पट्ट्या मी माझ्या खर्चाने आणल्या होत्या, हे त्या चौघांना सांगितलंस तर बरं. एखाद्याला लाज वाटेल.

पोस्टमनसाहेबांचे सहा आठवडे झाले, झोळी आता काढायची, पण हात एकदम वर करू द्यायचा नाही. भिंतीशी उभं राहून बोटांनी भिंत चढायची, रोज थोडं वर. तू त्यांच्याशेजारी उभा राहून करून घे. कंटाळा करतील. तसं त्यांच्या बायकोलाही सांग, त्या रविवारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती ऐकून घेणारी वाटली.

त्या वायरमनचा पाय राहिला. गुडघा मात्र वाकणार नाही. खांबावर चढायचं काम गेलं. वीज कार्यालयातल्या साहेबांनी त्याला तक्रारींच्या खिडकीवर बसवलंय.

बायकोला स्टेशनवरच सांग. घरी नेऊन सांगशील तर तुझ्या हाताशी लपायला जागा असेल.

ताई


२९ एप्रिल

ताई,

स्टेशनवर सांगितलं. तिने सामान खाली ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "ते कुठे राहतात?" घरी यायच्या आधी पोस्टमनसाहेबांकडे गेलो. तिथे ती त्यांच्या पत्नीशी तासभर बोलली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "किती जोरात?" मी आकडा सांगितला. मग आणखी दोन दिवस बोलली नाही.

गाडी विकली. पैलवान मागत होता, त्याला दिली नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी घेतली. त्या ती अशी चालवतात की परवा त्यांना एका कोंबडीने ओलांडलं. बाई थांबल्या आणि तिला आधी जाऊ दिलं.

आता खरं लिहायचं होतं ते.

पोस्टमनसाहेबांची झोळी निघाली. हात खांद्याच्या वर जातो. पिशवी ते स्वतः उचलू शकतात, तरी मी सवयीने जातो, आणि तेही मला नको म्हणत नाहीत. आम्ही रोज बाजारातून निघालो की गोदामापाशी डावीकडे वळून, मागच्या बोळातून, पत्र्याच्या कुंपणाकडेने जायचो. उन्हात अर्ध्या किलोमीटरचा वळसा. मी समजायचो, तिकडे टपाल असेल. पिशवी माझ्या खांद्यावर, पुढे ते. मी कशाला विचारू?

गेल्या गुरुवारी पिशवी हलकी होती म्हणून इकडेतिकडे बघत चाललो होतो. तेव्हा लक्षात आलं, ताई, त्या बोळात एकही घर नाही. दार नाही, पेटी नाही, काही नाही. एका बाजूला गोदामाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला पत्रा. दोन महिने आम्ही रोज तिथून जात होतो, कारण पुढच्या रस्त्याने गेलं तर ते वळण ओलांडावं लागतं.

एकोणचाळीस वर्षं या माणसाने हा गाव पायाखाली घातलाय. कुत्र्यांना त्यांच्या नावाने हाक मारतो. आणि मी त्याच्याकडून एक रस्ता काढून घेतला होता, आणि त्याने मला ते कळूही दिलं नव्हतं.

शुक्रवारी, शनिवारी, बोळातूनच गेलो. सोमवारी गोदामापाशी ते डावीकडे वळायला लागले तेव्हा मी म्हणालो, "साहेब, आज समोरून जाऊ या का?"

ते थांबले. म्हणाले, "तिकडे टपाल आहे."

"कुणाचं?"

त्यांनी पिशवीतली वरची दोन पाकिटं उलटसुलट केली. मग म्हणाले, "नाही कुणाचं."

आम्ही वळणाशी जाऊन उभे राहिलो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होता. मी मान वळवून बघितलं, त्यांनीही बघितलं, पण पाय उचलेनात. लांबून एक सायकल आली, तिला जाऊ दिलं. मग एक टेम्पो आला, त्यालाही जाऊ दिलं. मग काहीच आलं नाही, तरी आम्ही उभेच. मला शंभर गोष्टी बोलाव्याशा वाटत होत्या. तू असतीस तर 'हं' म्हणाली असतीस, म्हणून मी गप्प बसलो.

शेवटी त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही धरली. घट्ट, लहान मुलं धरतात तशी. आणि आम्ही निघालो. हळूहळू, दोन म्हातारे, मधोमध आलो तेव्हा ते थबकले, मीही थबकलो, मग पुन्हा निघालो. पलीकडच्या कडेला पाय लागल्यावर त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

बाही अजून हातातच होती. जरा पुढे गेल्यावर ते म्हणाले, "आता सोडतो. पुढे शाळा आहे, मुलं बघतील."

मी म्हणालो, "बघू द्या."

त्यांनी सोडली नाही. शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही तसेच गेलो.

तुझा भाऊ